तोंड फिरवणं आणि वाळीत टाकणं

(तरुण लेखक-कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय ऐकायला तांत्रिक वाटतो. विकेंद्रित ब्लॉगिंगच्या जागांवर कुणाला म्यूट कसं करायचं आणि लेखाखाली येणाऱ्या प्रतिक्रिया कशा हाताळायच्या. बटण कुठं आहे हे तुम्ही माझ्या आधी शोधून काढाल, त्यामुळे ते मी सांगत बसणार नाही. बटण दाबल्यावर नक्की काय होतं, काय होत नाही, आणि माझ्या हातून ते दोनदा कसं चुकलं, एवढंच सांगते.

पहिली चूक. काही वर्षांपूर्वी मी मास्टोडॉनवर मराठीत लिहायला लागले. आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक छोटा सर्व्हर चालवायला घेतला होता. एकदा मी मुलींच्या वारसाहक्काबद्दल लिहिलं. कायद्याचा वाद मुद्दाम बाजूला ठेवला होता. एवढंच विचारलं होतं, की जो वाटा सगळ्यांना मान्य आहे, तो तरी आपल्या गल्लीतल्या किती मुलींच्या हातात पडला? खाली प्रतिक्रिया आल्या. काही चांगल्या होत्या, काही चिडलेल्या. एक खातं मात्र शिव्याच देत होतं. आधी मला, मग माझ्या घरच्यांना, मग माझ्या धर्माला. मी त्याला म्यूट केलं, फोन पालथा ठेवला आणि चहा करायला गेले. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

आठ दिवसांनी मामेबहिणीचा फोन आला. ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "आपा, नीचे क्या-क्या लिख्या है, देखी क्या तू?" मी म्हटलं, मी त्याला कधीच बंद केलंय. ती म्हणाली, तू बंद केलंस, आम्हाला तर सगळं दिसतंय. त्या आठ दिवसांत त्या माणसानं माझ्या लेखाखाली प्रतिक्रिया देणाऱ्या इतर मुलींनाही गाठलं होतं. त्यातल्या दोघींनी लिहिणं थांबवलं होतं. मला वाटत होतं शांतता आहे. शांतता फक्त माझ्या कानात होती.

हे असं का झालं ते समजून घ्यायचं, तर या जागा बांधल्या कशा आहेत ते पाहावं लागेल.

फेसबुक किंवा एक्स हा एक मोठा मॉल समजा. मालक एक, सुरक्षारक्षक त्याचे, नियम त्याचे. कुणाला बाहेर काढायचं ते तो ठरवणार. विकेंद्रित जागा म्हणजे वेगवेगळ्या वस्त्या. प्रत्येक वस्तीची वेस वेगळी, पंच वेगळे, पण मधून रस्ते आहेत, त्यामुळे या वस्तीतला माणूस त्या वस्तीतल्या माणसाशी बोलू शकतो. मास्टोडॉन २०१६ मध्ये सुरू झालं. ज्या सामायिक भाषेत हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती ॲक्टिव्हिटीपब, तिला २०१८ मध्ये अधिकृत वेब-मानकाचा दर्जा मिळाला. दुसरा प्रकार ब्लॉकचेनवरच्या ब्लॉगिंगचा. स्टीम २०१६ मध्ये आलं आणि त्यातून फुटून मार्च २०२० मध्ये हाइव्ह निघालं. तिथं तुमचा लेख, तुमची प्रतिक्रिया, तुमचं मत, सगळं एका सार्वजनिक वहीत चढतं आणि त्या वहीच्या प्रती जगभरातल्या अनेक संगणकांवर असतात.

आपल्याकडे ही चर्चा जोरात झाली ती २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं. त्यांनी लावलेलं चित्र होतं १९३६ च्या हॅम्बुर्गमधलं. सगळी गर्दी नाझी सलामी देते आहे आणि एक कामगार हाताची घडी घालून उभा आहे. नाझीवादाला नकार देणारं हे चित्र, पण ते द्वेष पसरवणारं ठरलं. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये भारतातले पुष्कळ लोक मास्टोडॉनकडे वळले. तक्रार रास्त होती. आमच्यावर हल्ला करणारे मोकाट सुटतात आणि विरोध करणाऱ्याचं खातं जातं. एका मालकाच्या लहरीवर आपलं बोलणं अवलंबून का असावं?

प्रश्न बरोबर होता. पण मालक नको म्हटल्यावर मालकाची कामंही आपल्या अंगावर येतात, हे तेव्हा आमच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आलं. मॉल सोडून वस्तीत राहायला आल्यावर झाडू कोण मारणार?

आता बटणांकडे येऊ. मास्टोडॉनवर म्यूट केलं की तो माणूस तुम्हाला दिसत नाही. त्याला ते कळत नाही. तो तुमचं लिखाण वाचू शकतो, खाली लिहू शकतो आणि इतरांना ते दिसतं. हवं तर ठरावीक मुदतीपुरतं म्यूट करता येतं. ब्लॉक त्याच्या पुढची पायरी. तो तुम्हाला फॉलो करू शकत नाही, तुमच्यातला संबंध तुटतो. पण त्यानं आधी दिलेली उत्तरं इतरांच्या पडद्यावरून पुसली जात नाहीत. त्याच्या पुढचे अधिकार सर्व्हर चालवणाऱ्या मॉडरेटरकडे असतात. एखादं खातं किंवा अख्खा परका सर्व्हर 'मर्यादित' करायचा, म्हणजे तो सार्वजनिक प्रवाहात दिसत नाही, पण ज्यांनी स्वतःहून फॉलो केलंय त्यांना दिसतो. किंवा पूर्ण निलंबित करायचा, म्हणजे रस्ताच बंद. आणि तुम्ही तक्रार नोंदवताना ती समोरच्या माणसाच्या सर्व्हरकडेही पाठवता येते.

हाइव्हवर गणित वेगळं आहे. तिथल्या समुदायांत मालक, ॲडमिन, मॉडरेटर, सदस्य अशा भूमिका असतात आणि 'म्यूट केलेला' हीसुद्धा एक भूमिका असते. मॉडरेटरनं एखादी प्रतिक्रिया म्यूट केली, तर ती समुदायाच्या पानावर झाकली जाते. झाकली जाते, पुसली जात नाही. वहीत ती राहते आणि दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळानं ठरवलं तर ते ती उघडी दाखवू शकतं. त्यात मला आवडलेली एक गोष्ट अशी, की मॉडरेटरनं म्यूट केलं ही कृतीसुद्धा त्याच वहीत त्याच्या नावानिशी चढते. सोबत कारणाची टीप जोडायची सोय आहे. म्हणजे शिक्षा झालेल्याची नोंद राहते तशी शिक्षा देणाऱ्याचीही राहते. आपल्या किती संस्थांत असं असतं?

पण याची दुसरी बाजूही आहे. तिथं तुम्ही वैयक्तिक पातळीवर कुणाला म्यूट केलं, तेही सार्वजनिक वहीत दिसतं. ब्लूस्कायवर म्यूट खासगी असतं, पण ब्लॉक सगळ्यांना पाहता येतो. ज्या मुलीला एखादा माणूस त्रास देतोय, तिनं त्याला बंद केलं हे त्याला आणि त्याच्या मित्रांना कळलं, तर पुढं काय होऊ शकतं हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कुणाला कळेल? आणि यानंतरही कुणाला काय दिसत राहील?

हाइव्हवर नापसंतीचं मतही देता येतं. त्यानं लेखाची कमाई घटते आणि तो मागं ढकलला जातो. पण त्या मताचं वजन तुमच्याकडे तिथलं चलन किती आहे त्यावर ठरतं. ज्याच्याकडे जास्त, त्याचा हात जड. म्हणजे विकेंद्रित आहे म्हणून सगळे समान, असं समजू नका. सत्ता गेलेली नसते, तिनं जागा बदललेली असते. ती कुठं जाऊन बसली ते शोधावं लागतं.

आता म्यूटची सगळ्यात मोठी मर्यादा. ती कळायला माझा किस्सा लहान आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं ॲप समोर आलं. मुस्लीम बायकांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या. त्या बायकांनी कुणाला म्यूट करायचं होतं? ते लिखाण त्यांच्याशी बोलतच नव्हतं. त्यांच्याबद्दल, त्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या पुरुषांशी बोलत होतं. म्यूट तुमचा कान झाकतं. तुमच्याबद्दल बाजारात काय बोललं जातंय, त्यावर म्यूटचा काडीचाही परिणाम होत नाही. तिथं लागतात शेजारी, मॉडरेटर, पोलीस आणि कायदा.

शेजारी म्हणजे काय, याचं एक चांगलं उदाहरण आहे. गॅब नावाची अमेरिकेतली एक जागा. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या ज्यू प्रार्थनास्थळात ११ माणसं मारणारा हल्लेखोर तिथं लिहायचा. जुलै २०१९ मध्ये गॅबनं मास्टोडॉनचं सॉफ्टवेअर घेतलं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्यामुळे मास्टोडॉन बनवणारेही त्यांना अडवू शकत नव्हते. मग झालं असं, की एकेका सर्व्हरनं आपापल्या वेशीवर गॅबचा रस्ता बंद केला. अनेक मोबाइल ॲपनीही त्याचं दार लावलं. वरून आदेश आला नव्हता. खातेदारांना गॅबवर लिहायला कुणी बंदी केली नाही, फक्त त्यांचं लिखाण या वस्त्यांत येणं थांबलं. बोलण्याचं स्वातंत्र्य आणि माझ्या अंगणात येऊन बोलण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला या उदाहरणानं पटलं.

आमच्या सर्व्हरकडे परत येते. बहिणीच्या फोननंतर मी त्या खात्याची तक्रार केली आणि ती त्याच्या सर्व्हरलाही पाठवली. तिथले मॉडरेटर परदेशात होते. त्यांचं उत्तर आलं, सभ्य भाषेत. आम्हाला हे वाचता येत नाही, यात आक्षेपार्ह काय आहे ते समजावून सांगाल का? मी बसले आणि आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेला तो एक शब्द, तो शाळेत, क्रिकेटच्या मैदानावर, घर भाड्यानं मागताना कसा वापरला जातो, हे इंग्रजीत लिहून काढलं. दोन पानं झाली. लिहिताना हात थरथरत होता. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी खातं काढलं. आमच्या बाजूनं आम्ही ते आधीच निलंबित केलं होतं. मग त्या दोन मुलींना मी स्वतः फोन केला. एक परत आली. दुसरी आली नाही. माझ्या म्यूटच्या बटणाची किंमत तिनं मोजली, असं मी मानते.

आता दुसरी चूक. ती सांगायला मला जास्त जड जातं.

आमच्याच सर्व्हरवर एक तरुण होता. आपल्यातलाच, हुशार, वाचणारा. माझ्या प्रत्येक लेखाखाली त्याचा एकच सूर असायचा. "तुम्ही दर वेळी आपल्याच समाजाची धुणी चव्हाट्यावर का धुता? बाहेरचे त्याचा कसा वापर करतात ते दिसत नाही का?" शिवी नाही, धमकी नाही, कुणाच्या घरादाराचा उल्लेख नाही. पण दर वेळी तेच. एका संध्याकाळी मी थकून आले होते. पुन्हा त्याची प्रतिक्रिया दिसली. माझ्याकडे मॉडरेटरचे अधिकार होते. मी त्याचं खातं मर्यादित केलं. कारण लिहिलं नाही. इतर मॉडरेटरना विचारलं नाही.

तीन दिवसांनी त्याची मेल आली. एकच ओळ होती. "मी कुठला नियम मोडला?"

मी आमचं नियमांचं पान उघडलं. चार ओळी होत्या, दुसऱ्या एका सर्व्हरवरून उचललेल्या, त्याही इंग्रजीत. त्याला लागू पडेल असा एकही नियम नव्हता. पाचवा नियम माझ्या कपाळावर होता, 'मला कंटाळा आणायचा नाही'. मी निर्णय मागे घेतला आणि त्याची माफी मागितली. खासगीत नाही, सर्व्हरवर सगळ्यांसमोर, कारण मर्यादित केलं होतं तेही सगळ्यांच्या वतीनं.

या दोन चुका शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी माणूस वस्तीला त्रास देत होता आणि मी फक्त माझा कान झाकला. दुसऱ्या वेळी माणूस फक्त मला नकोसा झाला होता आणि मी वस्तीची वेस बंद केली. दोन्ही वेळा औजार चुकलं. पहिल्याला मॉडरेटर म्हणून रोखायला हवं होतं. दुसऱ्याला हवं तर वैयक्तिक म्यूट करून मी निवांत झोपायला हवं होतं.

हा फरक महाराष्ट्रातल्या माणसाला समजायला अवघड नाही. आपल्या भाषेत त्यासाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. एक तोंड फिरवणं. दुसरा वाळीत टाकणं. मला तुमच्याशी बोलायचं नाही, मी तोंड फिरवलं. तो माझा हक्क आहे, त्याचा जाब मला कुणी विचारू शकत नाही. पण चार पंच बसले आणि म्हणाले, याच्याशी कुणीच बोलायचं नाही, याच्याकडे पाणी प्यायचं नाही, याच्या मयताला जायचं नाही, तर ते वाळीत टाकणं झालं. जातपंचायतींच्या या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्याचा रोख एकट्याच्या अबोल्यावर नाही. सगळ्यांना अबोला धरायला लावणाऱ्या सत्तेवर आहे.

ऑनलाइन हे वाळीत टाकणं कसं होतं? यादीनं. कुणाला बंद करायचं याच्या तयार याद्या फिरतात. हाइव्हवर दुसऱ्याची म्यूटयादी तुम्ही आपल्याला लागू करून घेऊ शकता. मास्टोडॉनच्या सर्व्हरचालकाला बंद सर्व्हरांची यादी फाइल म्हणून एका झटक्यात आत घेता येते. ब्लूस्कायवरही सामायिक याद्या आहेत. या याद्या उपयोगी आहेत, मी स्वतः वापरते. नव्या मुलीनं पहिल्याच दिवशी शंभर शिव्या खाव्यात आणि मग एकेकाला बंद करत बसावं, असं मी म्हणणार नाही. पण यादीत एखादं नाव का आहे, कुणी घातलं, कधी घातलं आणि काढायचं असेल तर कुणाला विचारायचं, हे जिथं लिहिलेलं नाही ती यादी मला जातपंचायतीच्या निवाड्यासारखी वाटते. निवाडा एकानं द्यायचा आणि पाळायचा सगळ्यांनी.

आणि तो निवाडा सगळ्यात आधी कुणावर येतो? आतून प्रश्न विचारणाऱ्यावर. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या सोबतीनं सात मुस्लीम बायका तोंडी तलाकविरुद्ध विधानभवनावर गेल्या. फक्त सात. त्या काळी अशी म्यूटयादी असती तर ती सात नावं पहिल्या दिवशी तिच्यात गेली असती आणि घालणाऱ्याला वाटलं असतं, आपण समाजाचं रक्षण केलं. म्हणून मला तो तरुण अजूनही आठवतो. त्याचं म्हणणं मला पटत नव्हतं. पण त्या संध्याकाळी पंच मी होते आणि एकटा तो होता.

थोडं न पुसल्या जाण्याबद्दल बोलते, कारण तुमच्या वयाच्या मुलांना त्याचा धोका जास्त आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर काही वाक्यं लिहिली. तिच्या मैत्रिणीनं ती लाइक केली. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या प्रकरणातूनच पुढं सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. कलम गेलं, जमाव गेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून आला आणि मशिदीत असलेल्या एका तरुणाचा जीव गेला. पडद्यावरची प्रतिक्रिया पडद्यावर राहत नाही, ती मोटरसायकलवर बसून गावात येते.

मग अशा ठिकाणी ब्लॉकचेनवर रागात लिहिलेलं वाक्य काय करेल याचा विचार करा. हाइव्हवर दर तीन सेकंदांनी वहीचं नवं पान बंद होतं. तुम्ही मजकूर बदलला तरी आधीचा वहीत राहतो. मास्टोडॉनवर तुम्ही काढून टाकलंत, तर दुसऱ्या सर्व्हरांना 'काढा' असा निरोप जातो. बहुतेक तो पाळतात, पण पाळतीलच याची हमी नाही. आपल्याला सत्य टिकवायला अशी वही हवी असते हे खरं. पण ती वही आपला राग आणि आपला पश्चात्ताप वेगळा ओळखत नाही. तेव्हा तिथं लिहिताना रात्रीचं लिखाण सकाळी पाठवा. माझा एवढा एक उपदेश सहन करा.

आता कामाच्या गोष्टी. एखादी जागा तुम्ही चालवणार असाल, दहा जणांची का असेना, तर एवढं करा.

नियम आपल्या भाषेत लिहा आणि सुरू करण्याआधी लिहा. 'सभ्य राहा' हा नियम नव्हे. कुणाच्या धर्मावरून, जातीवरून, बाईपणावरून शिवी नाही, कुणाचा पत्ता, फोन, घरचा फोटो टाकायचा नाही, धमकी नाही, असं स्पष्ट लिहा. आणि हेही लिहा की मत न पटणं हा गुन्हा नाही.

वस्तीच्या वतीनं कारवाई करायची तर दोघांनी मिळून करा. कारण लिहा, मुदत सांगा आणि दाद मागायचा रस्ता ठेवा. मास्टोडॉनमध्ये २०२२ पासून कारवाईविरुद्ध दाद मागायची सोय आहे. ती वापरा. दाद ऐकणारा शक्यतो कारवाई करणारा नसावा. ज्याच्याशी तुमचं वैयक्तिक भांडण आहे त्याचा निवाडा तुम्ही करू नका, सहकाऱ्याकडे सोपवा.

गाळणी नीट लावा. शब्द गाळायची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण ती इंग्रजी डोक्यात धरून बनवलेली आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात आणि रूप बदलतं. 'कुत्रा' हा शब्द गाळला तर 'कुत्र्याला' निसटतं. म्हणून 'पूर्ण शब्द' हा पर्याय बंद करा आणि 'कुत्र' एवढाच तुकडा घाला. रोमन लिपीतली वेगवेगळी स्पेलिंगंही घाला. मात्र तुकडा फार छोटा घेऊ नका, नाहीतर निरपराध शब्द अडकतात.

बंद करण्याआधी पुरावा ठेवा. स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, वेळ. ब्लॉक केल्यावर तुम्हालाच ते दिसेनासं होतं आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. धमकी किंवा फोटोंचा गैरवापर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. आणि सर्व्हर चालवणाऱ्यांनो, कायद्याच्या भाषेत तुम्ही 'मध्यस्थ' आहात. २०२१ च्या नियमांनुसार तक्रारीची पोच २४ तासांत आणि निपटारा ठरलेल्या मुदतीत करायचा असतो. आपण हौशी आहोत, ही सबब तिथं चालत नाही.

शेवटचं. म्यूट केलं म्हणून स्वतःला भेकड समजू नका. आपल्याकडे मुलांना शिकवतात, उत्तर दिलंच पाहिजे. मुलींना शिकवतात, ऐकून घेतलं पाहिजे. दोन्ही खोटं. प्रत्येक शिवीला उत्तर देणं हे कुणाचंच कर्तव्य नाही. तुमचा वेळ आणि तुमची झोप तुमची आहे. निर्धास्त तोंड फिरवा. फक्त त्यानंतर एकदा दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आपलं पान उघडून पाहा. आपण गेल्यावर मागे कोण उभं आहे आणि त्यांना काय ऐकावं लागतंय, ते दिसेल.

त्या तरुणाचं काय झालं, असं मला नेहमी विचारतात. आता आमच्या सर्व्हरचे नियम मराठीत आहेत आणि त्यातले निम्मे त्यानं लिहिलेत. माझ्या लेखांखाली तो अजूनही तोच प्रश्न विचारतो. कधी मी उत्तर देते. कधी आठवड्यापुरतं म्यूट करते. त्याला ते ठाऊक आहे, मीच सांगितलंय.